थंडीत कडाडणारी गोळी आणि आपले कान

गोळी म्हटले की या सदराच्या वाचकांना पॅरासिटामॉल आठवेल. आजची गोळी वेगळी आहे, रायफलची. एकाच डब्यातली दोन काडतुसे घेतली, एक मे महिन्याच्या दुपारी वरळीच्या रेंजवर झाडले आणि दुसरे जानेवारीच्या बर्फात जर्मनीतल्या एखाद्या रेंजवर, तर आवाज सारखा येईलच असे नाही. मुंबईत नळीच्या तोंडाशी ‘फट्’ होईल आणि लक्ष्याच्या कागदावर ‘टप्प’. तिकडे त्या ‘फट्’मध्ये एक कडाका मिसळलेला असू शकेल, चाबूक ओढल्यासारखा. काडतूस तेच, रायफल तीच, नेमबाजही तोच. बदलली ती फक्त हवा.

डॉक्टरने यात का पडावे? १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. तेव्हापासून आमच्या परळ-लालबागच्या बाह्यरुग्ण विभागात पालकांचा एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. मुलगा किंवा मुलगी नेमबाजी शिकते आहे, रायफल छोटी आहे, गोळी ‘सबसॉनिक’ आहे असे कोणीतरी सांगितले आहे, म्हणजे कानाला काही होत नाही ना? या प्रश्नाचे अर्धे उत्तर भौतिकशास्त्रात आहे आणि अर्धे वैद्यकात. पालक सहसा पहिल्या अर्ध्यावर समाधान मानतात, म्हणून हा लेख.

दक्षिण आणि मध्य मुंबईला रायफल नवी नाही. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. अंजली भागवत, तेव्हाच्या वेदपाठक, दादरच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीमुळे बंदुकीपर्यंत पोचल्या आणि २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत उभ्या राहिल्या. त्यांचा तो प्रकार दहा मीटर एअर रायफलचा. त्यात दारू नसते, दाबलेल्या हवेने छर्रा सुटतो आणि तो ध्वनीच्या साधारण निम्म्या वेगाने जातो. कुसाळेचा प्रकार वेगळा. त्यात पॉइंट टू टू रायफल असते. तिचे काडतूस बोटाच्या एका पेराएवढे, शिशाची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास. स्पर्धेसाठीच्या चांगल्या काडतुसातली गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३२५ ते ३३० मीटर वेगाने निघते. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. ध्वनीच्या वेगाच्या अगदी खाली, पण फार खाली नाही.

आता ध्वनीचा वेग किती, हे विचारले की शाळेत पाठ केलेला एकच आकडा आपण सांगतो. तो एक आकडा नाहीच. शून्य अंश सेल्सिअसला कोरड्या हवेत ध्वनी सेकंदाला ३३१ मीटर जातो आणि त्यानंतर प्रत्येक अंशामागे साधारण ०.६ मीटरची भर पडते. मुंबईत जानेवारीच्या पहाटे १६ अंश असतील तर ३४१. मेमध्ये ३४ अंशांना ३५१. नागपूरच्या ४५ अंशांना ३५८. आणि बर्फात उणे १० अंश असेल तर जेमतेम ३२५. मुंबईच्या दमट हवेत यात आणखी एक-दोन मीटर मिळतात, कारण पाण्याची वाफ हवेपेक्षा हलकी असते. (दमट हवा ‘जड’ वाटते, ती आपल्या घामाला. भौतिकशास्त्राला ती हलकीच.)

कारण सोपे आहे. ध्वनी म्हणजे हवेच्या रेणूंनी एकमेकांना दिलेला धक्का. हवा गरम असेल तर रेणू मुळातच जोरात पळत असतात, म्हणून धक्का लवकर पुढे सरकतो. हवेचा दाब इथे फारसा मोजला जात नाही. महाबळेश्वरला ध्वनी मुंबईपेक्षा हळू जातो तो हवा विरळ असल्यामुळे नाही, ती गार असल्यामुळे. या तापमानाने न्यूटनलाही चकवले होते. १६८७ च्या ग्रंथात त्याने ध्वनीचा वेग गणिताने काढला आणि तो प्रत्यक्षापेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास कमी भरला. ध्वनीच्या लाटेत हवा दाबली जाते तेव्हा ती क्षणभर तापतेही, हे त्याने धरले नव्हते. ती दुरुस्ती लाप्लासने केली, सव्वाशेहून अधिक वर्षांनी.

तर गोळीचा वेग ३२७ धरला, की मुंबईच्या मे महिन्यात ती ध्वनीच्या ९३ टक्के वेगाने जाते आणि युरोपातल्या ५ अंशांच्या सकाळी ९८ टक्के. गोळी तीच, पण ध्वनीची भिंत तिच्या जवळ सरकलेली. उणे १० अंशांत तर भिंत गोळीच्या मागे पडते. मग कडाका येतो.

भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटते तेव्हा नाकाच्या दोन्ही बाजूंना पाण्याची तिरकी लाट उठते ना, तसाच हा कडाका. लाँच पाण्यावरच्या लाटांपेक्षा वेगाने जाते, म्हणून लाटांना पुढे पळून जायला सवड मिळत नाही, त्या एकावर एक चढतात. गोळी ध्वनीहून वेगवान झाली की हवेचेही तसेच होते. लक्षात घ्या, हा आवाज बंदुकीचा नाही, गोळीचा आहे. गोळी उडत असते तोवर तो तिच्याबरोबर चाललेला असतो.

नेमबाजांना या कडाक्याची अडचण आवाजापेक्षा नेमाची आहे. ध्वनीच्या वेगाच्या आसपास, म्हणजे थोडे वर आणि थोडे खाली, हवेचा विरोध एकदम वाढतो. गोळीचा वेग ध्वनीपेक्षा कमी असला तरी तिच्या खांद्यावरून घसरणारी हवा जागोजागी ध्वनीला ओलांडते, ठिकठिकाणी धक्के बसतात आणि गोळी डगमगू शकते. अर्ध्या सेंटिमीटरवर पदक हुकणाऱ्या खेळात हे परवडत नाही. म्हणून मोठे नेमबाज काडतुसांचे वेगवेगळे गठ्ठे आपल्याच रायफलमधून झाडून पाहतात आणि जो गठ्ठा जमतो तो पुरा उचलतात. बर्फावर स्कीइंग करत नेमबाजी करायची, त्या बायथलॉन खेळाची काडतुसे तर थंडीसाठी वेगळी बनवतात. त्या खेळात हवा उणे २० अंशांखाली गेली तर स्पर्धाच थांबवतात.

मधल्या वेगाची काडतुसे मात्र आपल्या मुंबईतही गंमत दाखवतात. समजा डब्यावर वेग ३४० लिहिला आहे. मेच्या दुपारी ३५१ च्या हवेत डबाभर काडतुसे मुकाट जातील. जानेवारीच्या पहाटे ३४१ च्या हवेत काही कडाडतील, काही नाही, कारण डब्यातल्या प्रत्येक काडतुसाचा वेग काही मीटरने मागेपुढे असतोच. नवशिक्याला वाटते रायफल बिघडली.

पॉइंट टू टूचे काडतूस कारखान्यातच भरले जाते. ठिणगी देणारा मसाला त्याच्या बुडाच्या काठात असतो, त्यामुळे ती पुंगळी घरी पुन्हा भरण्याजोगी नसते. अमेरिकेसारख्या देशांत मोठ्या रायफलची रिकामी पुंगळी घेऊन, नवी टोपी, तोलून घेतलेली दारू आणि गोळी बसवून काडतूस घरी तयार करण्याचा छंद मोठा आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे. महाराष्ट्रात रायफलची काडतुसे बनतात ती खडकी आणि वरणगावच्या सरकारी कारखान्यांत. तरी त्या छंदातला तापमानाचा पेच समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात दोन गोष्टी एकाच वेळी हलतात.

थंडीत ध्वनीचा वेग घटतो, हे झालेच. पण थंडीत दारूही किंचित हळू जळते आणि गोळीचाही वेग घटतो. उन्हाळ्यात दोन्ही वाढतात. दोघेही एकाच दिशेने सरकत असतील तर फिट्टंफाट व्हायला हवी. तशी होत नाही. ध्वनीची घट अंशागणिक ठरलेली आहे, दारूची घट मात्र दारूनुसार बदलते. काही दारू थंडीला फार घाबरतात, काही जवळपास दाद देत नाहीत. मग तापमानाला दाद न देणारी ‘चांगली’ दारू वापरून उन्हाळी दुपारी बेतलेले काडतूस हिवाळी पहाटे कडाडते, कारण गोळी आपल्या वेगावर ठाम राहिली आणि ध्वनीच मागे सरला. उलट तापमानाला घाबरणाऱ्या दारूचे काडतूस कडाडणार नाही, पण गोळी वेग गमावून लक्ष्याच्या खाली लागेल. भर म्हणजे हवेचे तापमान एक आणि काडतुसाचे दुसरे. गाडीच्या डिकीत किंवा उन्हात ठेवलेला डबा, तापलेल्या नळीत रेंगाळलेले काडतूस, यांना हवामान खात्याचा आकडा लागू नसतो. सैन्याचा दारूगोळा गरम आणि गोठवलेल्या कोठीत ठेवून मग तपासतात तो याचसाठी. तोच दारूगोळा सियाचीनलाही चालला पाहिजे आणि जैसलमेरलाही.

सबसॉनिक काडतुसात आणखी एक खोच असते. मोठ्या पुंगळीत दारू थोडीच असते, बाकी जागा रिकामी. ती दारू टोपीकडे गोळा झाली की गोळीकडे, यावरही वेग बदलतो. दाब फारच कमी पडला तर गोळी नळीतच अडकते, आणि ते न कळता पुढची झाडली तर नळी फुटू शकते. बंदुकीपासून चेहरा किती जवळ असतो, हे सांगायला नको.

मुंबईपुरते माझे मत विचाराल तर इथली हवा गोळीला फार त्रास देत नाही. ती नेहमीच इतकी उबदार असते की स्पर्धेची गोळी भिंतीपासून दूर राहते. त्रास होतो नेमबाजाला. जाड कॅनव्हास आणि कातड्याचे ताठ जॅकेट, तशीच विजार, आतून घामाच्या धारा. शरीरातले पाणी कमी झाले आणि अंग तापले की नाडी वाढते, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर नळीचे टोक हलते. ऑक्टोबरच्या उकाड्यात दादरच्या नेमबाजाने काडतुसाच्या वेगाची चिंता करण्यापेक्षा पाण्याची बाटली सोबत ठेवावी.

आता कानाकडे. रायफलच्या आवाजात दोन भाग असतात. एक गोळीचा कडाका, जो सबसॉनिक गोळीत नसतो. दुसरा नळीच्या तोंडातून बाहेर फुटणाऱ्या गरम वायूंचा स्फोट. तो सबसॉनिकमध्येही असतो, हवा गार असो की गरम. पॉइंट टू टू रायफलचा हा स्फोट झाडणाऱ्याच्या कानाशी शिखरावर साधारण १४० डेसिबलपर्यंत जातो, मोठ्या रायफलचा १५० ते १६५ पर्यंत. डेसिबलचा हिशेब फसवा असतो. २० डेसिबलची वाढ म्हणजे कानावरचा दाब दहापट. जागतिक आरोग्य संघटनेने अशा स्फोटक आवाजासाठी सुचवलेली मर्यादा मोठ्यांसाठी १४० डेसिबल आहे, आणि मुलांसाठी १२०.

‘सबसॉनिक आहे’ म्हणून निश्चिंत झालेल्या पालकांना मी हेच दोन आकडे शेजारी लिहून देतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या कानाशी ती छोटी रायफल मर्यादेच्या दहापट दाब टाकत असते, एकदा नव्हे, सरावाच्या दिवशी शंभर-शंभर वेळा.

आपल्या अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी आहे. तिच्यात साधारण १५ हजार केसपेशी असतात, जन्मतः मिळालेल्या. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. मोठा आवाज आला की कानातला एक चिमुकला स्नायू आखडून ध्वनी थोपवतो, पण त्याला कामाला लागायला सेकंदाचा दहावा हिस्सा तरी जाऊ शकतो आणि बंदुकीचा स्फोट त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो. पहिला बळी जातो तो ४००० हर्ट्झच्या आसपासच्या तीक्ष्ण सुरांचा. माणूस ऐकतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ गळतात. गर्दीत, पंख्याच्या घरघरीत बोलणे कळेनासे होते. घरचे म्हणतात लक्ष नाही. ऑडिओग्रामवर नेमक्या त्या जागी एक खळगा दिसतो. उजव्या हाताने रायफल धरणाऱ्याचा हा खळगा बहुधा डाव्या कानात खोल असतो, कारण डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला.

सायलेन्सरबद्दलही विचारणा होते, सिनेमामुळे. मशिनगनचा जनक हायरम मॅक्सिम स्वतःच्या बंदुकांच्या आवाजाने बहिरा झाला होता, आणि बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट १९०९ मध्ये मिळाले ते त्याच्याच मुलाला, हायरम पर्सी मॅक्सिमला. सायलेन्सर नळीतल्या वायूंचा स्फोट २० ते ३५ डेसिबलने उतरवतो. गोळी ध्वनीहून वेगवान असेल तर तिच्या कडाक्याचे तो काहीच करू शकत नाही. म्हणून सायलेन्सर आणि सबसॉनिक काडतूस ही जोडी. पडद्यावरचे ‘फुस्स’ हे ध्वनिमुद्रकाचे काम.

ज्यांच्या घरात कोणी रायफल धरत नाही त्यांनी पुढचे वाचायचे कारण सुतळी बॉम्ब. आपल्या कायद्यात फटाक्याच्या आवाजाच्या शिखराला फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे नियमात बसणारा फटाकासुद्धा चार मीटरवर त्या छोट्या रायफलपेक्षा जोरात वाजू शकतो. गिरगावातल्या चाळीच्या चौकात किंवा लालबागच्या गल्लीत मिरवणूक थांबते तेव्हा चार मीटर अंतर ठेवायला जागा कुठे असते? वर चारी बाजूंच्या भिंती आवाज परतवतात. रेंजवर निदान कानावर काहीतरी असते. मिरवणुकीत बाबांच्या खांद्यावर बसलेल्या पोराच्या कानावर काही नसते.

तापमान ध्वनीचा नुसता वेग ठरवत नाही, वाटही ठरवते. दिवसा जमीन तापलेली असते, वरची हवा त्यामानाने गार. त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. हिवाळ्याच्या रात्री आणि पहाटे उलटे होते. खाली गार हवा, वर उबदार, आणि आवाज पुन्हा जमिनीकडे वाकतो. गिरणगावातल्या जुन्या मंडळींना १९८२ च्या संपाआधीचे भोंगे आठवत असतील. पहाटेचा भोंगा थंडीत लांबवर ऐकू यायचा तो यामुळेही. दिवाळीच्या रात्री दूरचा फटाका उशाशी फुटल्यासारखा वाटतो त्यामागेही हेच असते.

रेंजवर कान सांभाळणे अवघड नाही, पण नीट करावे लागते. आमच्या कॉलेजच्या दिवसांत कापसाचा बोळा घालत असत. स्फोटापुढे तो जवळपास निरुपयोगी आहे. फोमचे इअरप्लग बोटांनी वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, प्लग आत सारून अर्धा मिनिट दाबून धरावा. बाहेर अर्धा लोंबत राहिला तर तो बसलेलाच नाही. इथेही तापमान आड येते. गार हवेत हा फोम कडक होतो आणि फुगायला वेळ घेतो. उकाड्यात तो बोटातून सोडायच्या आत फुगतो. कानावर बसणाऱ्या मफची गादी घामाने सरकते, चष्म्याच्या दांडीपाशी फट राहते. मुलांनी पॉइंट टू टू झाडताना प्लग आणि मफ दोन्ही वापरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्हींची बेरीज पूर्ण होत नाही, पण आणखी पाचएक डेसिबल वाचतात. बंद रेंजवर सराव असेल तर शिशाचाही विचार हवा. तिथे खाऊ नये आणि घरी जेवायच्या आधी हात साबणाने धुवावेत.

गोळी झाडल्यावर किंवा फटाका फुटल्यावर कानाला दडे बसले, शिट्टी वाजू लागली तर पुष्कळ वेळा एक-दोन दिवसांत बरे वाटते. बरे वाटले म्हणजे केसपेशी वाचल्या असे मात्र नव्हे. शिट्टी दुसऱ्या दिवशीही चालू असेल, किंवा एका कानाने एकदम कमी ऐकू येऊ लागले असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे. अशा वेळी स्टेरॉइडची औषधे देतात आणि ती पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडण्याची शक्यता जास्त असते. कोमट तेल घालू नये, पडदा फाटलेला असू शकतो. आणि मुलाला नेमबाजीला घालण्याआधी एक ऑडिओग्राम काढून ठेवावा, मग दरवर्षी एक. मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत ही तपासणी होते. अर्ध्या तासाचे काम आहे, फक्त आधी दोन दिवस मुलाने रेंजवर जाऊ नये.